कारिबुगूच्या गंजीचा राखणदार

झिए देम्बेलेला बस म्हणणं म्हणजे वाऱ्याला खुंटीला बांधणं. कारिबुगूत चहाची बैठक तिसरा पेला संपेपर्यंत मोडत नाही. झिए मात्र पहिला पेला उभ्यानेच पितो आणि दुसरा उकळेपर्यंत गंजीकडे निघालेला असतो.

गंजी म्हणजे सगळ्या गावाचा कापूस. घराघरातून वेचून आणलेला कापूस शाळेमागच्या मैदानात एकाच ढिगात पडतो आणि कारखान्याचा ट्रक येईपर्यंत तिथेच राहतो. ढिगात गेल्यावर हा तुझा, हा माझा असं काही उरत नाही. कारखान्यात मालाची प्रत लागते ती सगळ्या गावाला, आणि भावही त्या प्रतीचाच.

मागचे दोन्ही हंगाम गावाला दुसरी प्रत लागली, कारण कापसात खताच्या पोत्यांचे प्लास्टिकचे धागे निघाले. आफ्रिकेतल्या कापूसवाल्यांचा जो संघ आहे, त्याच्या उलेमाता केलेपिली बाई यंदा वेचणीआधी गावात आल्या होत्या. त्यांनी गडद निळ्या कापडाचा एक तुकडा सगळ्यांच्या हातांतून फिरवला. त्यात मधेच पांढरी रेघ होती.

"हा धागा रंग पीत नाही," बाई म्हणाल्या. "आपला कापूस हाताने वेचलेला. यंत्राने ओरबाडलेल्या कापसाहून सरस. तरी बाहेर नाव काय? आफ्रिकेचा माल घाण. हे नाव पुसायला आम्ही देशोदेशी भांडतोय, आणि तुम्ही पोत्यात कापूस भरताय."

त्यांनी वेचणीसाठी सुती पिशव्या दिल्या आणि बजावलं, की यंदा पुन्हा धागा निघाला तर कारिबुगू संघाच्या स्वच्छ कापसाच्या गावांच्या यादीतून बाहेर. गंजीवर माणूस नेमायची वेळ आली तेव्हा ड्रिसा कोने ओरडला, "झिएला द्या. नाहीतरी त्याच्या बुडाला काटे आहेत."

झिएने खरोखरच जिवाचं रान केलं. गंजीत अंडी घालणाऱ्या चित्र्या कोंबड्या हाकलल्या, शेळ्यांमागे धावला, कापूस तुडवणाऱ्यांच्या चपला काढायला लावल्या. ट्रक उद्या येणार अशी वर्दी आली त्या दुपारी तो गंजीभोवती फिरत होता, आणि त्याला कापसात एक धागा दिसला. पोत्याचा. त्याने तो उपसला. हातभर पुढे दुसरा. तो उपसत पुढे सरकत राहिला. कोणत्या घराने दगा दिला? तो मनातल्या मनात एकेक घर धुंडाळत राहिला आणि प्रत्येक घराला शिव्या देत आपल्या घरी पोचला.

दाराशी नाहावाची, म्हणजे त्याच्या बायकोची, वेचणीची पिशवी टांगलेली होती. सुतीच. तोंडाशी मात्र पोत्याच्या धाग्याची गाठ.

"हे काय गं?"

"काय म्हणजे? डोक्यावरून आणताना सांडू नये म्हणून बांधलंय. त्या बाईंनी पिशव्या दिल्या, नाडी कुठे दिली?"

"आणि गाठ सुटली नाही की?"

"मग काय, तोडतो. सगळ्याच तोडतात. या गावात शेळीपासून दारापर्यंत काय त्या धाग्याने बांधलेलं नाही, सांगा बरं! तुमची चड्डीसुद्धा."

झिएने खाली पाहिलं. खरंच होतं.

गावच्या वडीलधाऱ्यांनी त्याचं ऐकून घेतलं आणि माना हलवल्या. गंजी उलटायची? हातभर हातभर विंचरायची? उद्या ट्रक येतोय, आणि आंबे पिकतानाच्या अवकाळी सरी तोंडावर आल्यात. चार धाग्यांनी काय होतं? शब्द जुळवत बसण्याइतका धीर झिएला कधीच नव्हता. तो उठला आणि तडक ड्रिसाच्या दारात गेला.

देम्बेले आणि कोने ही थट्टेची घराणी. एकाने दुसऱ्याला काहीही म्हणावं, रागवायची सोय नाही. आणि त्या नात्याने मागितलेलं नाकारायचीही नाही.

"ए चवळीखाऊ!" झिए ओरडला. "बाहेर ये. तुझा मालक आलाय."

"माझा मालक? माझा गुलाम दिसतोय, पळून गेलेला!"

"चवळी खाऊन पोट फुगलं असेल तर उतरव. उद्या गंजी उलटायचीय. कोन्यांची सगळी घरं पाहिजेत."

"देम्बेल्यांनी घाण करायची आणि कोन्यांनी उपसायची?"

"आजोबांपासून तेच चाललंय!"

आसपासचे हसत गोळा झाले. हसताहसता ड्रिसाने झिएच्या मुठीतले धागे पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाला, "इतके?" आणि आत जाऊन बायकांना हाक मारली.

सकाळी कोने आले. देम्बेल्यांना घरी बसणं लाजेचं झालं, तेही आले. कापूस मुठीमुठीने फुलवून पाहायचा, धागा काढायचा, पलीकडे टाकायचा. जेमतेम निम्मी गंजी पलीकडे गेली, तोच ट्रक आला.

"भरा," चालक म्हणाला. "अर्ध्या मालासाठी मी थांबणार नाही. आत्ता गेलो तर पुन्हा कधी येईन ते विचारू नका."

सगळे झिएकडे पाहू लागले. तो गंजीला एक फेरी मारून आला, दुसरी मारून आला. आभाळ भरत होतं. तिसऱ्या फेरीला निघताना ड्रिसाने त्याचं मनगट धरलं.

"फिरून उत्तर सापडत नाही रे, गुलामा. बोल."

"जाऊ दे ट्रक," झिए म्हणाला, आणि आपण हे काय बोलून बसलो असं वाटून लगेच चटके बसल्यासारखा कामाला लागला.

सर आली ती तिसऱ्या दिवशी. ताडपत्री प्लास्टिकची, ती टाकायची नव्हती. नाहावाने कमरेला गुंडाळलेल्या दोन लुगड्यांतलं वरचं सोडून गंजीवर फेकलं. मग एकीमागून एक, फुलाफुलांची, माशांची, छत्र्यांची लुगडी कापसावर पडली. एक कड तरीही भिजली. ती वेगळी काढून वाळवावी लागली. "त्या दिवशी भरून दिला असता तर," असं कुणीकुणी बोललं, झिएला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्याचं जेवण तुटलं. बाजरीच्या उकडीवरचा भेंडीचा रस्सा तसाच गार व्हायचा आणि तो गंजीपाशी.

शेवटी ट्रक आला, भरला, निघाला. झिएला गावात राहणं जमेना. तो कापसावरच चढून बसला आणि धूळ खात कुतियालाच्या कारखान्यापर्यंत गेला.

प्रत लावणाऱ्याने इथून मूठ काढली, तिथून काढली, खालून काढली. फुलवली, उजेडात धरली. झिए त्याच्या इतका जवळ गेला की त्याने दोनदा कोपराने ढकललं.

"कुठलं गाव?"

"कारिबुगू."

"पहिली."

"पुन्हा बघा," झिए म्हणाला. "खालून बघा."

"बाबा, पहिली म्हटलं ना!"

झिएने ड्रिसाला फोन लावून प्रत सांगितली. पलीकडून आधी शिव्या आल्या, मग ढोल वाजायला लागला. झिएने फोन खिशात टाकला आणि मागे वळला. रिकामा ट्रक दुसऱ्या गावाच्या रस्त्याला लागलेला होता. परत कसं जायचं याचा विचार त्याने केलाच नव्हता. अंगरखा धोतरासारखा वर खोचून तो चालू लागला.