दाजींचा डीव्हीडी रेकॉर्डर

नगर जिल्ह्यातल्या तमाम दुकानदारांच्या सहनशक्तीची परीक्षा घ्यायलाच देवाने माझ्या थोरल्या साडूंना जन्माला घातलं असावं. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. बेलापूरला त्यांची शेती आहे आणि नोकरी केली ती साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. काटा पुरता स्थिर झाल्याशिवाय आकडा सांगायचा नाही, ही तिथली शिस्त त्यांनी घरी आणली आणि बाजारातही नेली. त्यांच्या पत्नी म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, आमच्या आक्का. आक्कांसाठी कुकर घ्यायचा ठरला तेव्हा दाजी धुतलेली तूरडाळ डब्यात घालून श्रीरामपूरच्या दुकानात गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "शिजवून दाखवा." पंखा घेताना त्यांनी पंख्याखाली खुर्ची मांडून घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचला. चप्पल घेताना जुनी जोडी दुकानात ठेवून नव्या जोडीवर एसटी स्टँडपर्यंत फेरी मारून आले आणि "डावी जरा बोलती" म्हणून परत केली. यातलं काहीही ते गमतीने करत नसत. चेहरा कायम पंचायत भरल्यासारखा. आणि हे सगळं चालू असताना तोंडाला क्षणाची विश्रांती नाही.

खरेदीला जितका विलंब, तितकी बोलण्याला घाई. समोरच्याने तोंड उघडलं की त्याला काय म्हणायचंय ते दाजींना कळलेलं असे आणि त्याचं वाक्य तेच पुरं करत. वर्षानुवर्षं विचार करून त्यांनी छोट्या कॅसेटचा एक व्हिडिओ कॅमेरा घेतला, तेव्हा या बोलण्याला हक्काचं माणूस मिळालं. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा डोळ्याला लावून ते घरभर आणि शेतभर हिंडत आणि जे दिसेल ते सांगत. "ही आमची विहीर. पानी बरं हाय. ही गाय. हिचं दूध आटलंय. ह्या आमच्या मंडळी. शेवया करत्यात." मंडळी म्हणजे आक्का. कॅमेरा आपल्याकडे वळला की आक्का पदर तोंडाला लावून हसत आणि खाली बघत. एका पुतणीच्या लग्नात दाजींनी मंगलाष्टकांवरही निवेदन केलं होतं. त्या कॅसेटमध्ये भटजींचे ओठ हलताना दिसतात आणि आवाज दाजींचा येतो.

मग आक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत सगळं होतं, नजर पूर्वीसारखीच तरतरीत होती, पण घशातून एक घोगरा हुंकार निघे, तेवढाच. मुलगा नोकरीनिमित्त लांब. दाजींनी घर, शेत आणि आक्का, तिन्ही अंगावर घेतलं. आक्कांना न्हाऊ घालत, त्यांची वेणी घालत, भाकरी दुधात कुस्करून भरवत. बोलणं मात्र कमी झालं नाही, उलट आता ते दोघांचं मिळून बोलायला लागले. "चहा घेती का? घेती म्हन. साखर कमी. व्हय व्हय, कमीच घालतो." आक्का हुंकार द्यायच्या आत चहा हजर असे. बघणाऱ्याचे डोळे भरून यावेत अशी सेवा होती ती, आणि बघणाऱ्याला थोडं हसूही यावं अशी.

एके दिवशी त्यांचा मला फोन आला. "पाव्हणं, डीव्हीडी रेकॉर्डर घ्यायचा हाय. स्वस्तातला, पन चांगला." मी म्हटलं, "दाजी, आता ते कोण वापरतं? कॅसेट माझ्याकडे द्या, नगरात स्टुडिओवाला सगळं पेनड्राइव्हवर भरून देईल."

"कॅसेट घराबाहेर जायच्या न्हाईत," दाजी म्हणाले. "त्यात तिचा आवाज हाय. दुसऱ्याच्या हातनं पुसला गेला तर मी कुठं हुडकू?"

"मग कॉम्प्युटरवर घेऊ. मी येतो."

"कॉम्प्युटर न्हाई. मी शेतात असलो तरी तिला डाव्या हातानं एक बटन दाबून लावता आलं पायजे. कॅसेट खरखरायला लागल्यात पाव्हणं. टाइम न्हाई."

टाइम नाही, हे शब्द दाजींच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

नगरातली दुकानं आम्ही पालथी घातली. बहुतेक ठिकाणी पोरसवदा विक्रेते आम्हाला डीव्हीडी प्लेयर दाखवत, आणि दाजी त्यांना शांतपणे समजावत, की हा नुसता दाखवतो, आम्हाला लिहून घेणारा पाहिजे. शेवटी कळलं की काष्टीला लग्नाचं शूटिंग करणारे एक गृहस्थ धंदा बंद करतायत आणि त्यांच्याकडे दोन रेकॉर्डर पडून आहेत. आम्ही बाजाराच्या दिवशी गेलो. दाजींनी आपला कॅमेरा आणि घरातली सगळ्यात खराब कॅसेट टॉवेलात गुंडाळून आणली होती.

पहिला रेकॉर्डर चकचकीत होता, आत भरपूर साठवण होती, चित्र काचेसारखं येत होतं. पण दाजींच्या कॅसेटमधली विहीर थरथरली, चित्र फाटलं, आणि रेकॉर्डर आपोआप बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच थांबला. गृहस्थ म्हणाले, "सिग्नल खराब झाला की हे मशीन थांबतंच काका. ते दुसरं साधं हाय, जे येईल ते घेतं. पन चित्र जरा धुरकट येईल." दुसऱ्याचा रंग उडालेला, एक कोपरा पिचलेला. त्याने विहीर घेतली, फाटलेलं चित्र घेतलं, गाय घेतली. दाजींनी पूर्ण कॅसेट बसून पाहिली. तेवढ्यात गृहस्थांच्या घरून आम्हाला भाकरी-पिठलं आलं, तेही झालं. तरी समाधान नाही. या मशीनवर भरलेली डिस्क दुसरीकडे चालते का? चालते, पण भरून झाल्यावर एक बटण दाबून ती कायमची बंद करावी लागते, असं कळलं. दाजींनी ती बंद करून घेतली आणि शेजारच्या घरी जाऊन त्यांच्या जुन्या प्लेयरवर लावायला सांगितली. त्या घरातल्या आजींनी बेलापूरची विहीर आस्थेने पाहिली आणि "पानी बरं हाय" म्हणाल्या. तेव्हा कुठे काटा स्थिर झाला.

"पाव्हणं, हेच घेऊ," दाजी म्हणाले. "झकपक नसंल तर नसू दे. मधीच थांबनारं नको."

पुढच्या आठवड्यात मी बेलापूरला गेलो, तेव्हा दाजी ओसरीवर एकटेच बसले होते, आणि गप्प होते. आत आक्का उशांना टेकून टीव्हीसमोर बसल्या होत्या. जवळजवळ सगळ्या कॅसेट उतरवून झाल्या होत्या. दाजी हळू आवाजात म्हणाले, "सगळीकडं मीच बोलतोय हो. तिचा एक शब्द न्हाई."

एकच कॅसेट उरली होती. ती आम्ही तिघांनी मिळून पाहिली. आक्का शेवया करतायत, दाजींचं निवेदन चाललंय. मध्येच बाहेरून कुणीतरी विहिरीवरची मोटार बंद पडल्याची हाक मारली. दाजींनी कॅमेरा बंद न करताच बाजेवर टाकला आणि ते गेले. पडद्यावर आता नुसती भिंत, तीही तिरकी. आणि तिच्यामागून आक्कांचा आवाज आला.

अगदी स्वच्छ, खणखणीत. शेजारीण आली होती. आक्का तिला दाजींची नक्कल करून दाखवत होत्या, "ह्या आमच्या मंडळी!" दोघी खो-खो हसत होत्या. मग शेजारीण म्हणाली, "पन तू का गं बोलत न्हाईस त्यात?"

"हे गप बसले म्हंजी बोलीन की," आक्का म्हणाल्या. "लई सांगायचंय मला. आज न्हाई तर उद्या."

भिंत तशीच दिसत राहिली. मी वळून पाहिलं. आक्का अर्ध्या चेहऱ्याने हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दाजींनी उठून टीव्ही बंद केला, मग ते आक्कांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "बोल."

आक्कांनी हुंकार दिला. मग आणखी एक. दाजींनी त्याचा अर्थ लावला नाही, वाक्य पुरं केलं नाही. नुसते तोंडाकडे बघत राहिले.

आता कधी गेलो तर ते घर फार शांत वाटतं. परवा दाजींनी विचारलं, "चहा घेती का?" आणि थांबले. आक्का तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होत्या. मला वाटलं, आपणच सांगावं, हो म्हणतायत म्हणून. दाजींनी हातानेच मला गप्प केलं. चुलीवर दूध उतू गेलं तरी ते जागचे हलले नाहीत.