छातीखालचं पाणी

गेल्या हिवाळ्यात माहेरी गेले होते. पहाटे किनाऱ्यावर फिरताना साठीतली एक बाई सर्फिंग शिकताना दिसली. ती बोर्डवर उभी राहायची, लगेच पाण्यात पडायची आणि हसत पुन्हा चढायची. माझे बाबा रोज होडी घेऊन समुद्रात जात. मला मात्र त्यांनी कधी गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ दिलं नाही.

ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना. पण लाट आली की घाबरायला सवडच मिळत नाही." मग बोर्ड माझ्याकडे सरकवत म्हणाली, "नुसतं झोपून बघता?"

मी ओढणी वाळूत ठेवली, तिच्यामागून कमरेइतक्या पाण्यात गेले आणि किनाऱ्याकडे तोंड करून बोर्डवर पालथी झोपले. तिने हलकेच ढकललं. मागून एक छोटी लाट आली आणि मला थेट वाळूपर्यंत घेऊन आली. पन्नास वर्षं जो समुद्र नुसता पाहिला, त्याने मला पहिल्यांदाच उचलून घेतलं होतं.

आता पुण्यात पहाटे आपोआप जाग येते. खिडकीबाहेर अजून अंधार असतो. मी पलंगावर तशीच पालथी पडून राहते आणि छातीखाली ते पाणी पुन्हा येईल म्हणून वाट पाहते.