चुन्याचा अंगठा

कोवळं पान उलगडतं तेव्हा त्याच्यावर जवळजवळ कुणीच राहत नसतं. नगरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागल्यापासून पहिल्या प्रॅक्टिकलची सुरुवात मी याच वाक्यानं करते. मग वाऱ्याबरोबर, धुळीतून, माशीच्या पायाला चिकटून, शेजारच्या पानावरून उडालेल्या थेंबातून जिवाणू येतात. बरेचसे उन्हानं मरतात. जगतात ते शिरांच्या कडेला, जिथं ओल टिकते आणि पानातून जराशी साखर पाझरते. तिथं ते एकमेकांना धरून राहतात, अंगावर चिकट पांघरूण ओढून घेतात. नवा आलेला उघड्यावर पडला तर वाळून जातो, वस्तीत पडला तर त्याची सोय होते. मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत निम्मं विसरतात, तो भाग वेगळा.

घरी हे ऐकायला एकच विद्यार्थी होता, माझा नवरा, आणि तोही वात्रट. भिंगारला लष्कराच्या भांडारात ते नोकरीला होते. मूळचे राहात्याकडचे, पेरूच्या बागेत वाढलेले. बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं. "म्हंजी पानावर बी शेजारपाजार हाय म्हन की. मंग भाडं कोन गोळा करतं?" असं तोंड गंभीर ठेवून विचारायचे.

क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर त्यांनी नागवेल चढवली होती. जेवण झालं की एक पान खुडायचं, मांडीवर दोन्ही बाजूंनी पुसायचं, नखानं देठ मोडायचा आणि डबीतला चुना अंगठ्यानं लावायचा. सगळं जग चुना बोटानं लावतं, हे अंगठ्यानं. त्यामुळे उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक पांढरा ठिपका कायम वाळलेला असायचा. विजारींच्या मांड्यांवर हिरवट डाग पडायचे. ते घासताना मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि ते आतून "अजून जोरात" म्हणायचे.

एका रविवारी मी कॉलेजातून काही प्लेटा घरी आणल्या. काचेच्या चपट्या डब्या असतात, आत जेलीसारखा थर ओतलेला. पान त्या थरावर हलकेच टेकवायचं आणि उचलायचं. पानावर जे कुणी बसलेलं असेल ते थरावर उतरतं, वाढतं, आणि एक-दोन दिवसांत ठिपक्याठिपक्यांनी अख्खं पान उमटतं. मला नागवेलीचे ठसे हवे होते. "एक मला करू दे की," म्हणून ते मागं लागले. मी बजावून सांगितलं, पान खुडल्यावर कशालाही लावू नका, चिमट्यात धरा.

त्यांनी पान खुडलं. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत ते मांडीवर पुसलं, पुढून, मागून. देठ मोडला. मग रेशन दुकानात अंगठा लावावा तसं पान अंगठ्यानं थरावर दाबलं.

"अहो, सॅम्पल खराब केलंत!"

"आगं, न पुसता पान कोन लावतं?"

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही," मी म्हणाले. त्यावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

बाकीच्या प्लेटांवर शिरांच्या कडेनं गुलाबी, पिवळे ठिपके दाटीनं उमटले. यांच्या प्लेटवर शिरा जेमतेम दिसत होत्या. पण देठाजवळ पानाच्या बाहेर अंगठा पडला होता, तिथं पांढऱ्या ठिपक्यांचं लंबगोल कडं होतं आणि कड्याच्या आत काहीच नव्हतं. चुना लागला होता तिथं कुणाला उगवता आलं नव्हतं. "तुमच्या डोक्यासारखाच अंगठा," मी म्हणाले, "मधोमध टक्कल." प्लेटला कडेनं टेप लावून मी वर 'चुकीचा ठसा' असं लिहिलं आणि मुलांना दाखवायला म्हणून ती कॉलेजच्या फ्रिजमध्ये ठेवून दिली.

गेल्या मार्गशीर्षात ते गेले. सकाळी छातीत दुखायला लागलं, दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवस झाले, पाहुणे गेले. माझ्या जावेनं मायेनं सगळ्या विजारी गरम पाण्यात भिजवून, घासून, घड्या घालून ठेवल्या. एकाही मांडीवर डाग उरला नव्हता. तिला काय बोलणार? ती बिचारी मला मदत करत होती.

कॉलेजात परत गेले आणि फ्रिज उघडला तर पुढंच ती प्लेट. जेली आक्रसली होती, कडेपासून सुटली होती, पण अंगठा जिथल्या तिथं होता. मी स्टुलावर बसले आणि लॅबमध्ये कुणी आहे की नाही हेही न बघता रडले. त्यांचं जिवंत असं जगात तेवढंच उरलं होतं आणि मला ते जिवंत ठेवायचं होतं.

जिवाणू जगवणं हा तर माझा धंदाच. तारेच्या टोकानं उचलायचे, नव्या प्लेटवर रेघा ओढायच्या, ती जुनी व्हायला लागली की पुन्हा पुढच्या प्लेटवर. असं करत राहिलं तर ते आपल्या मागंही जगतात. मी कड्यावरचे ठिपके उचलले, रेघा ओढल्या. छान वाढले. पांढऱ्या, जाड, सरळ रेघा. कुणाच्याही कातडीवरून वाढतात तशा. त्यात अंगठा कुठंच नव्हता.

आयुष्यभर मी हेच शिकवत आले की वस्ती म्हणजे नुसतं कोण राहतं एवढंच नाही. कोण कुठं, कुणाच्या शेजारी, आणि कुठली जागा मोकळी, हे सगळं मिळून वस्ती. राहणारे मी जगवले होते. मधली मोकळी जागा तारेवर उचलता येत नाही. मला राग आला, माझ्या विषयाचा आला आणि यांचाही आला. जुन्या प्लेटवर तोवर बुरशी चढली, ती आधी कड्यावर आणि मग आतही पसरली. शेवटी इतर कचऱ्याबरोबर तीही वाफेच्या भांड्यात घालून फेकावी लागली.

यंदा पहिल्या प्रॅक्टिकलला मी घरच्याच नागवेलीची पानं नेली. नेहमीचं वाक्य म्हटलं, प्लेट उघडली, पान हातात घेतलं. पुढच्या बाकावरची मुलगी एकदम म्हणाली, "मॅडम, सॅम्पल खराब झालं."

मी खाली बघितलं. पान माझ्या मांडीवर होतं. साडीवर पुढून, मागून पुसून झालेलं, देठही मोडलेला. मी कधी पान खात नाही.

"हो, झालं," मी म्हणाले, आणि ते तसंच अंगठ्यानं थरावर दाबलं.

दोन दिवसांनी प्लेट खिडकीपाशी उजेडात धरली. शिरा जेमतेम दिसत होत्या. देठाजवळ अंगठा उमटला होता, माझा, मधोमध गच्च भरलेला.