बबनकाकांचं घर आणि जयाआत्याची सही

आमचे बबनकाका सकाळी दोन थापा मारत आणि मगच बशीत चहा ओतत. पापडी गावच्या वाडीतलं आमचं जुनं घर त्यांनी पाहुण्यांना मुक्कामाला द्यायला काढलं, तेव्हापासून तर त्यांना रानच मोकळं मिळालं.

घर तसं साधं. पणजोबांनी केळी आणि विड्याची पानं विकून बांधलेलं. पण पाहुण्याचं गाव कळलं की काका घराचा इतिहास त्याच्या मापाने शिवत. पाहुणा पुण्याचा असला तर ओटीवर मराठ्यांचे घोडे बांधलेले असत. गोव्याचा असला तर माजघराच्या कोपऱ्यात पोर्तुगीज कप्तान घरच्या आठवणीने रडलेला असे. विरारच्या एका जोडप्याला काही केल्या इतिहास बसेना, तेव्हा काकांनी शिलाहार राजाची बैलगाडी आमच्या दारात पंक्चर केली.

"काका, बैलगाडी पंक्चर?" मी हळूच विचारलं.

"राजाची होती," ते म्हणाले.

या इतिहासाला धोका एकच, जयाआत्या. काकांची थोरली बहीण, आगाशीला दिलेली. ती तिथून हाक मारी आणि पाचूबंदरच्या होड्या घाबरून किनाऱ्याला लागत. खोटं तिच्याजवळ औषधालाही सापडत नसे. घर दोघांच्या नावावर होतं. एक बिल्डर मागे लागलेला, आणि मुक्कामाचा परवाना पुढे चालवायला तिची सही हवी होती.

"माझ्या माहेरात परके लोक घोरतात," ती म्हणायची. "त्यापेक्षा विकून टाकू."

तेच शेवटचं सांगायला ती एका रविवारी आली. काका नाश्त्याला बसलेल्या वीस पाहुण्यांना (आकडा काकांचा, मी पाच मोजले) कप्तानाचा कोपरा दाखवत होते.

"तिथे कसला कप्तान? हाच रडायचा," आत्या दारातूनच म्हणाली. "शाळेत जायचं नाही म्हणून. खांबाला मिठी मारायचा, आणि आई एकेक बोट सोडवायची."

पाहुणे हसले. काकांनी चटणीत लक्ष घातलं.

"मग, मावशी?" एका बाईंनी विचारलं.

आत्या पिशवी न ठेवताच बसली आणि सांगू लागली. ही जमीन आईने आणि काकूने गाणी म्हणत चोपली. पावसाचं पाणी ओटीवर चढलं, तेव्हा दिवस भरलेल्या आईला केळीच्या खोडांच्या तराफ्यावरून दवाखान्यात नेलं. पोटात हाच बबन, तेव्हापासून त्रास देतोय. घावन गार झाले, पाहुण्यांचा किल्ला बघायचा राहिला, ओटीवरचं ऊन अंगणात उतरलं. कोणी उठेना.

शेवटी तीच थांबली. पदराने तोंड पुसून काकांना म्हणाली, "हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं रे. आण तो कागद."

सही करून तिने पेन रोखलं. "पण थापा बंद."

"आजपासून बंद, ताई," काका म्हणाले. त्यांची एवढी मोठी थाप मी आयुष्यात ऐकली नव्हती.

काकांना जाऊन दोन पावसाळे झाले. आत्या आता महिन्यातले वीस दिवस इथेच असते आणि पाहुण्यांना घर दाखवते, अगदी खरं खरं. परवा नाशिकच्या एका बाईंनी भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"हे कोण?"

आत्याने फोटोची काच पदराने पुसली.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "मागची विहीर यानेच खणली. एकट्याने, एका दुपारी."

विहीर पणजोबांच्याही आधीची आहे. बाईंनी खात्री करायला माझ्याकडे पाहिलं.

"जेवून उठल्यावर," मी म्हणालो.