तुटलेल्या शब्दांची कविता

आमचं अनियतकालिक दारव्ह्याच्या एका छापखान्यात निघायचं. मोठ्या मासिकांनी परत पाठवलेल्या कथा, कविता, लेख आम्ही छापायचो. कथा मी पाहायचो. कविता पाहायची बोरी अरबजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली एक शिक्षिका.

एका अंकात तिनं स्वतःची कविता दिली. तिच्या थोरल्या बहिणीला नवरा मारायचा, त्या माराची. त्यात एक वाक्य धड नव्हतं. फटका बसला की शब्द तुटायचा, अर्धा मराठीत, अर्धा तांड्याच्या गोरबोलीत. वाचकांना हे कळेल का, असं मी विचारलं. ज्यानं मार खाल्ला त्याला कळेल, म्हणाली.

अंक आल्यावर बोरी अरबच्या वाचनालयात वाचन ठेवलं. बाजाराचा दिवस, भरदुपार. बहीण डोक्यावर पदर घेऊन मागे बसली होती. शिक्षिका कवितेच्या अर्ध्यावर आली आणि दारातून बहिणीचा नवरा दोन माणसं घेऊन आत शिरला. कुणीतरी त्याला मोबाइलवर कवितेचं पान दाखवलं होतं.

तो थेट पुढे आला, शिक्षिकेचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. मी मध्ये पडलो. त्याच्यासोबतच्या एकानं लोखंडी खुर्ची माझ्या डाव्या कानावर घातली. मी खाली पडलो. फरशीवरून मला तेवढंच दिसत होतं : नवऱ्याचा बूट आणि शिक्षिकेचं पोट. लोक भिंतीला लागून उभे होते. घरचं भांडण आहे, असं कुणीतरी म्हणत होतं.

मग बहीण उठली. तीच खुर्ची तिनं उचलली आणि नवऱ्याच्या डोक्यात घातली. तो रक्तानं भरलेलं तोंड घेऊन वळला, तिच्यावर हात उगारला. तिनं त्या हातावरच दुसरा घाव घातला. मनगट लोंबायला लागलं. तो खाली बसला तरी ती थांबली नाही. वाचनालयाच्या शिपायानं तिला मागून कवेत आवळलं, तेव्हा थांबली.

"तिले हात लावू नको," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "मले मारलं तेवढं पुरे झालं."

गुन्हे दोन्हीकडून दाखल झाले. बहिणीवरही. खटला अजून चालू आहे. ती माहेरी तांड्यातच राहते, लोकांच्या शेतात निंदणाला जाते. माझा डावा कान गेला. शिक्षिकेच्या ओठाला टाके पडले. टाके निघाल्यावर बहिणीनं तिच्याकडून सगळी कविता वाचून घेतली आणि एक ओळ काढायला लावली.

"मी रडत नव्हती," म्हणाली. "मी त्याचा हात पाहून राह्यलती."

शिक्षिकेनं ओळ काढली. दारव्ह्याचा छापखानेवाला घाबरला, म्हणून अंक आता यवतमाळला छापतो.

मागच्या महिन्यात टपालानं एक कथा आली. पानोपानी खून, विरामचिन्हं नाहीत, भाषा झगझगीत. अशा कथा मीही लिहिल्यात. मला ती चार पानांपुढे वाचवेना, म्हणून शिक्षिकेकडे दिली. तिनं शाळेच्या ओट्यावर बसून शेवटपर्यंत वाचली.

"भाऊ, याच्यात कोणालेच लागत नाही," ती म्हणाली.

कथा आम्ही परत पाठवली.