आधी वाचून दाखवा

"आधी वाचून दाखवा."

आमच्या ताथवड्याच्या सोसायटीच्या गेटवर कोणीही सहीसाठी कागद पुढे केला, की आमचे वॉचमन दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि एवढंच म्हणत. कुरियरवाले रडकुंडीला यायचे. "अहो काका, पाकीट मिळाल्याची सही आहे. त्यात वाचायचं काय?"

"मग कितीसा वेळ लागतोय? वाच की राव."

मुलांनो, मागच्या खेपेला तुमच्या बॅगा लिफ्टपर्यंत आणून देणारे, उंच आणि किंचित वाकलेले गृहस्थ आठवतात ना? तेच. धाकटीने हात मागे बांधून त्यांची नक्कल केली होती. आपण सगळे हसलो, तेही हसले. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं.

एकदा सेक्रेटरींनी कुत्री फिरवण्याच्या नियमांची तीन पानी नोटीस काढली. वॉचमननी त्यांना भर उन्हात उभं करून तिन्ही पानं वाचायला लावली आणि शेवटी विचारलं, "साहेब, मांजरांचं काय ठरलं?"

वॉचमनची पहिली शिफ्ट तीनला सुटायची. अशाच एका दुपारी त्यांनी माझी बेल वाजवली. पिंपरीच्या कंपनीत मी तीस वर्षं मोठ्या साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप केली, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. बूट काढून पायपुसण्यावरच उभे राहिले.

"मॅडम, एक पत्र लिहायचं होतं. दूतावासाला."

त्यांचा मुलगा चाकणला कंत्राटी कामगार होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरी कंपनी. एजंटाने त्याला परदेशात गोदामातली नोकरी सांगितली. तिथे पोचल्यावर त्याच्यापुढे तिथल्या भाषेतला कागद ठेवला. मुलाने फोन केला, "पप्पा, एक अक्षर कळत नाही. सही करू का?"

वॉचमन स्वतःही आधी वीस वर्षं चाकणला कंत्राटावर होते. तिकडे कामावर घेतानाच कंत्राटदार कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवत. पुढे त्याचाच राजीनामा व्हायचा. सगळे करत, म्हणून तेही करत.

"मी म्हणलो, करून टाक. मी कवा वाचून सही केली? काय बिघडलं माझं?"

तो कागद फौजेत भरती होण्याचा होता. त्या देशाचं युद्ध चालू होतं. मुलाला आघाडीवर पाठवलं. त्याचा शेवटचा फोन बुटांबद्दल होता. दिलेले बूट दोन नंबर मोठे होते.

मी फाइल केली. दूतावास, परराष्ट्र मंत्रालय, मानवी हक्क आयोग, सगळ्यांच्या प्रती तारखेवार, पोचपावत्या मागे टाचलेल्या. प्रत्येक ओळ मराठीत सांगितल्याशिवाय ते सही करत नसत. 'नम्र विनंती' आली की अडायचे.

"नम्र कशाला, मॅडम?"

"पत्राची पद्धत असते ती."

"पोरगं माझं नेलं, आन् नम्र बी मीच व्हायचं?"

मी तो शब्द खोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

न कळणाऱ्या भाषेत सही घेऊन माणसाला लढायला लावणं बेकायदेशीर आहे, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी मान हलवली. "कायद्याला आपलं पत्र मिळालं का?" उत्तरं यायची. आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. ते प्रत्येक उत्तर दोनदा वाचायला लावत. "लिहिलंय चांगलं. फकस्त पोरगं कुठं हाय तेवढं राहिलं."

तुमचे आजोबा गेल्यापासून दुपारचा चहा मी एकच कप करत होते. तेव्हा पुन्हा दोन करू लागले. तुमचा व्हिडिओ कॉल आला की ते उठून जात. एकदा मात्र थांबले. कॉल संपल्यावर बराच वेळ बंद पडद्याकडे बघत होते. "दिसत्यात बी," म्हणाले.

मग दूतावासाकडून एक जाड पाकीट आलं. मी ते आधी उघडलं आणि जुन्या सवयीने, साहेबांसाठी करायची तशी, सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून ठेवली. ते आले, बसले, त्यांना फुली दिसली.

"खूण आधीच केली का, मॅडम?"

"वाचून दाखवा," ते म्हणाले. मी वाचलं. काही मृतदेहांची ओळख पटलेली नव्हती. जुळवून बघायला वडिलांचं रक्त हवं होतं, त्याची ही संमती.

"सही केली तर?"

"जुळतं का ते कळेल."

"न्हाई केली तर?"

"तर तो बेपत्ताच राहील."

त्यांनी चहा संपवला. पेन माझ्याकडे सरकवलं. "मग राहू द्या बेपत्ता. त्याला कर म्हणलो, तेवढी एक सही पुरे झाली."

दुसऱ्या दिवशी गेटवर दुसराच माणूस होता. सिक्युरिटी एजन्सीच्या सुपरवायझरला त्यांचा पत्ता माहीत नाही. फोन बंद लागतो. फुली मी खोडली, पण कागद उजेडात धरला की तिचा वळ दिसतो. कागद फाइलमध्ये सगळ्यात वर आहे.

परवा तुमचं पार्सल आलं तेव्हा मी खालीच होते. नव्या वॉचमनने न बघताच सहीला हात पुढे केला. मी त्याला थांबवलं. कुरियरवाल्याला म्हटलं, "आधी वाचून दाखवा."

तो वैतागला, पण त्याने वाचलं. माझं नाव, फ्लॅटचा नंबर, मग पाठवणाऱ्यांची नावं, तुम्हा दोघांची, आमच्या गेटवर, मोठ्याने.

मी म्हटलं, "अजून एकदा."