कडुबाचे उलटे हात

गावाकडून शहरात, मुकुंदवाडीत राहायला आलेल्या कडुबाला जगातल्या बहुतेक गोष्टी फालतू वाटत. शहरातला चहा फालतू, शहरातली माणसं फालतू, आणि मेंढ्या तर खानदानी फालतू. बापानं जन्मभर त्या वळल्या, म्हणून शेवटी बापही मान खाली घालून चालायला लागला, असं कडुबा सांगायचा. मान वर ठेवावी ती ट्रॅक्टरवर बसून! करमाडकडं आप्पासाहेब बागायतदारांच्या ट्रॅक्टरवर त्यानं जवानी घालवली होती. कापसानं फुगलेली ट्रॉली तो जिनिंग मिलच्या अरुंद फाटकातून एका दमात उलटी आत घालायचा, तेही ओठातली बिडी न हलवता.

अशा माणसानं चिकलठाण्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन ट्रक शिकायचा? पण इलाज नव्हता. बायकोचा भाऊ रामप्रसाद एका ट्रान्सपोर्टमध्ये मुकादम. त्यानं एका ट्रकवर ड्रायव्हरची जागा राखून ठेवली होती, पण परीक्षेच्या दिवसापर्यंतच. जड वाहनाचं लायसन मिळालं तर कडुबा पर्मनंट. नाही तर जागा दुसऱ्याची.

शिकवायला खंडेराव उस्ताद. गालात सुपारी, आणि माणसांविषयीचं मत कडुबापेक्षाही वाईट. दोघांची गाठ पडली ती एका घरात दोन सासवा आल्यासारखी.

"मागं घे. आरशात बघून, सावकाश," उस्ताद म्हणाले.

"रिव्हर्स मला शिकवता? करमाडात विचारा जरा."

आणि ट्रकचं बूड डावीकडं न्यायचं म्हणून त्यानं स्टिअरिंग झोकात उजवीकडं फिरवलं. ट्रॉलीला तसंच लागतं; मधल्या सांध्यामुळं तिचा सगळा कारभार उलटा. ट्रकला सांधा नाही. तो बिचारा सांगितलं तिकडं, म्हणजे उजवीकडं गेला आणि जागा आखायला ठेवलेल्या टायरांवर चढला.

"लई भारी," उस्तादांनी पिंक टाकली. "करमाडात असंच लावतेत व्हय?"

"स्टिअरिंग ढिलं हाय तुमचं."

"स्टिअरिंग नाय, वरचा नट ढिला हाय तुझा."

मग रोज हाच तमाशा. पुढं जाताना कडुबा नवाब. मागं यायची वेळ आली की हात उलटे. डोक्याला चूक कळली होती, पण हातांना ती समजावून सांगणं त्याला कमीपणाचं वाटे. "सकाळी लवकर येत जा, नुसतं मागं-मागं घेऊ. हात सुटतील," उस्ताद म्हणाले. "ते नवशिक्यांना," कडुबा म्हणाला.

घरी बायकोनं, रत्नमालानं तोंड उघडलं. "त्या म्हाताऱ्या उस्तादाला विचारायला काय तोंड झिजतं का तुमचं?"

"तुला ट्रकमधलं काय कळतंय?"

"ट्रकमधलं नाय कळत. तुमच्यातलं समदं कळतंय."

परीक्षेला आरटीओचे साहेब शेजारी बसले. चढ, वळण, ब्रेक सगळं झकास. मग साहेब म्हणाले, "आता मागं घेऊन त्या खांबांच्या मधे लावा." डोकं डावीकडं म्हणालं. हातांनी डोक्याला विचारलंच नाही. खांब आडवा!

"आजच पहिल्यांदा बसलात का?" साहेबांनी विचारलं. जिनिंगच्या फाटकाचा राजा उतरून खांब उभा करायला लागला. "आठवड्यानं या परत."

बाहेर रामप्रसाद उभाच होता. "दाजी, मालक थांबायचा नाय. एकच इलाज हाय. आठवडाभर त्याच गाडीवर क्लीनर म्हणून चढा. मी मालकाला सांगतो, माणूस गाडीवरच हाय, जागा देऊ नका कुणाला."

क्लीनर! कडुबाच्या लेखी क्लीनर हा मेंढीच्याही खालचा प्राणी. पण जागा हातची जात होती. तो थुंकला आणि हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या दारात तो ट्रकमागं उभा राहून फळीवर थापा मारत होता. "येऊ दे, येऊ दे... डावं काप!" स्टिअरिंगवरच्या पोरसवदा ड्रायव्हरनं स्टिअरिंग डावीकडं फिरवलं, बूडही डावीकडंच आलं आणि गाडी फटक्यात दाराशी नीट लागली. हे येडं पोरगं, आन् त्यालाबी जमतं! कडुबा वाकून पुढच्या चाकांकडं बघत राहिला.

"गाडी पुढं घे परत."

"कामून? बरोबर तर लागली."

"घे म्हणतो ना! आन् आता जरा सावकाश मागं घे. मला चाकं बघायचीत."